विश्लेषण : दोन नोबेल, दोन मुली... मेरी क्युरी यांचे घर नेमके कोण सांभाळत होते?

नोकरी, संसार, मुले आणि स्वतःची तब्येत या साऱ्याचा मेळ घालणाऱ्या स्त्रियांची उदाहरणे द्यायची म्हटली की मेरी क्युरी यांचे नाव हमखास निघते. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल, दोन मुली आणि अवघ्या ३८व्या वर्षी आलेले वैधव्य. एवढे सगळे एका बाईने कसे निभावले, हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जात होता. त्याचे उत्तर त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत, मुलींच्या वजनाच्या नोंदींत आणि एका वृद्ध सासऱ्यांच्या दिनक्रमात सापडते. मात्र त्या हिशेबात एक रकाना कायम रिकामा राहिला. तो होता त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीचा.

नोकरी करणारी आई त्यांनी आधी कुठे पाहिली?

स्वतःच्याच घरात. मारिया स्कोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सात झाला. पोलंडवर तेव्हा रशियन झारची सत्ता होती. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, तर आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेच्या इमारतीतच कुटुंबाचे बिऱ्हाड होते. मारिया हे पाचवे आणि शेवटचे अपत्य. तिच्या जन्मानंतर वडिलांना दुसरीकडे नेमणूक मिळाली आणि आईला शाळा सोडावी लागली. पगार गेला, पण काम संपले नाही. पाच मुलांच्या बुटांचा खर्च परवडेना म्हणून ही मुख्याध्यापिका चांभारकाम शिकली आणि घरीच बूट शिवू लागली.

पुढे आईला क्षयाने गाठले. संसर्गाच्या भीतीने ती मुलांना जवळ घेत नसे. तिची ताटवाटी वेगळी असे. आई मायेची आहे, पण ती आपल्याला कुशीत का घेत नाही, हे धाकट्या मारियाला कळत नव्हते. १८७८ मध्ये आई गेली तेव्हा मारिया दहा वर्षांची होती. तिच्या आधी मोठी बहीण झोशा हिवतापासारख्या साध्या तापाने नव्हे, तर टायफसने दगावली होती. मेरी क्युरी पुढे आपल्या मुलींच्या खाण्यापिण्यावर आणि मोकळ्या हवेवर जवळपास अट्टहासाने लक्ष ठेवत राहिल्या, त्यामागे हे घर होते असे मानायला जागा आहे.

शिक्षण, लग्न आणि निळा पोशाख

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी आपसांत ठरवले : मोठी ब्रोन्या पॅरिसला जाऊन डॉक्टर होईल, मारिया नोकरी करून तिला पैसे पाठवेल आणि नंतर ब्रोन्या मारियाला बोलावून घेईल. त्यासाठी मारियाने खेडेगावातल्या एका जमीनदाराच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून काही वर्षे काढली. नोव्हेंबर १८९१ मध्ये ती पॅरिसला पोहोचली. सॉर्बोनमधून १८९३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने, तर १८९४ मध्ये गणिताची दुसऱ्या क्रमांकाने मिळवली.

त्याच वर्षी पिअर क्युरी भेटले. २६ जुलै १८९५ रोजी नोंदणी पद्धतीने लग्न झाले. लग्नाचा पोशाख नंतर प्रयोगशाळेतही घालता यावा म्हणून मेरीने गडद रंगाचा, साधा निवडला. आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या. मधुचंद्र सायकलवरच झाला.

नव्या बिऱ्हाडात सामान मोजकेच होते. जेवढे सामान कमी, तेवढी झाडपूस कमी, असा त्यामागचा रोकडा विचार होता. स्वयंपाक मात्र येत नव्हता. तो त्या ब्रोन्याकडून आणि ब्रोन्याच्या सासूबाईंकडून शिकल्या. रोजच्या खर्चाची वही त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली. पाकक्रियेच्या पुस्तकाच्या समासात मुरंब्याची नोंद सापडते ती थेट प्रयोगाच्या टिपणासारखी : किती फळे, किती साखर, किती मिनिटे उकळले, किती बरण्या झाल्या आणि पाक नीट जमला की नाही.

पहिले बाळ आणि पहिला मोठा शोध एकाच वेळी कसा?

१८९७ हे वर्ष नीट पाहण्यासारखे आहे. मेरी गरोदर होत्या आणि त्याच वेळी पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवर त्यांचे काम चालू होते. मळमळ आणि चक्कर यांनी त्या बेजार होत्या. तरीही ऑगस्टमध्ये, आठवा महिना चालू असताना, पती-पत्नी सायकलवरून ब्रेस्टच्या दिशेने निघाले. अर्थात तो प्रवास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १२ सप्टेंबर १८९७ रोजी आयरीनचा जन्म झाला. बाळंतपण पिअर यांचे वडील डॉ. युजीन क्युरी यांनी केले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत पिअर यांच्या आईचे कर्करोगाने निधन झाले.

घरात तान्हे बाळ, मेरी अशक्त, पिअर यांच्यावर आईच्या जाण्याचे दुःख. मेरींचे दूध बाळाला पुरत नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दाई ठेवावी लागली. मेरींनी ते नाइलाजाने मान्य केले. पुढचे काही महिने अधूनमधून त्यांना एकाएकी भीतीचा झटका येई. काम टाकून त्या प्रयोगशाळेतून धावत जवळच्या माँत्सुरी बागेत जात. दाईच्या हातून बाळ हरवले तर नाही ना, हे पाहायचे असे. बाळ गाडीत सुखरूप दिसले की परत कामावर. आज या स्थितीला डॉक्टर काय नाव देतील हे सांगण्याचा मोह टाळलेला बरा. पण ही भीती दोन नोबेल मिळवणाऱ्या बाईलाही चुकली नव्हती, एवढे खरे.

त्याच डिसेंबरमध्ये, म्हणजे आयरीन तीन महिन्यांची असताना, मेरींनी डॉक्टरेटसाठी नवा विषय हाती घेतला. हेन्री बेकेरेल यांना युरेनियममधून निघणारे अदृश्य किरण आढळले होते. ते नेमके कुठून येतात, हा तो विषय. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि २६ डिसेंबर १८९८ रोजी रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांची घोषणा झाली. दरम्यान घरच्या वहीत वेगळ्या नोंदी चालू होत्या : आयरीनचे वजन, तिचे खाणे, एकेक करून उगवणारे दात, पहिली पावले. प्रयोगशाळेच्या वहीत आणि बाळाच्या वहीत हस्ताक्षर एकच, काटेकोरपणाही तोच.

संध्याकाळी आयरीनला अंघोळ घालणे आणि झोपवणे हे काम मेरींनी कधीच कुणाला दिले नाही. मूल आईला मे म्हणून हाक मारी आणि झोप लागेपर्यंत तिला सोडत नसे. खाली वाट पाहणारे पिअर त्यामुळे वैतागत. तुला मुलीखेरीज दुसरे काही सुचत नाही, अशी त्यांची कुरकुर असे. पिअर यांनी पत्नीच्या संशोधनासाठी स्वतःचे संशोधन बाजूला ठेवले, तिचे श्रेय हिरावले जाऊ दिले नाही, हे सगळे मान्य. घरातली रोजची जबाबदारी मात्र मेरींचीच होती. त्या काळाच्या मानाने तो मोठा पुरोगामी नवरा होता. त्या काळाच्या मानाने हे शब्द मात्र लक्षात ठेवावे लागतात.

मग दिवसभर मुलीजवळ कोण असे?

या साऱ्या कहाणीत ज्यांचे नाव सहसा घेतले जात नाही ते डॉ. युजीन क्युरी. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाच्या घरी राहायला आले. १९०० पासून हे कुटुंब पॅरिसच्या कडेला केलेरमन बुलेव्हारवरच्या घरात राहू लागले. म्हातारे डॉक्टर हाडाचे प्रजासत्ताकवादी, धर्मसत्तेचे कट्टर विरोधक, निळ्या डोळ्यांचे आणि मिश्कील स्वभावाचे. नात हा त्यांचा जीव की प्राण. आईवडील शेडमध्ये असत तेव्हा आयरीनला फुलापानांची ओळख करून देणे, व्हिक्टर ह्यूगो यांच्या कविता शिकवणे, बागकाम करणे हे सारे आजोबांकडे होते. आयरीनचा स्वभाव, तिची राजकीय मते, अगदी तिची शांत पण ठाम बोलण्याची पद्धत आजोबांच्या वळणाची होती.

आजोबा घरात नसते, तर रेडियम वेगळे करण्याची ती चार वर्षे शक्य झाली असती का? शक्यता कमी दिसते. त्या काळात कित्येक टन पिचब्लेंडचा चोथा गळक्या छपराच्या शेडमध्ये उकळून, गाळून, ढवळून मेरींनी १९०२ मध्ये दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड मिळवले. जोडीला १९०० पासून सेव्हर येथील मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी होती. पिअर यांच्या एका पगारात दाई आणि मोलकरीण परवडत नव्हती म्हणून ती घेतली होती. म्हणजे घर सांभाळणाऱ्यांचा पगार देण्यासाठी घराबाहेरचे आणखी एक काम. हे गणित आजच्या अनेक घरांना परके वाटणार नाही.

शरीराने केव्हा इशारा दिला?

वारंवार दिला. सततचा थकवा होता, वजन घटत होते, बोटांची टोके रेडियमने भाजून कडक झाली होती. जून १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली तेव्हा मेरी गरोदर होत्या. ऑगस्टमध्ये पाचव्या महिन्यात ते मूल गेले. आपण अंगावर जास्त काम घेतले म्हणून हे झाले, असे म्हणत त्यांनी स्वतःला दोष दिला. किरणोत्साराचा शरीरावर काय परिणाम होतो याची तेव्हा कुणालाच नीट कल्पना नव्हती. रात्री अंधारात शेडमध्ये जाऊन निळसर चमकणाऱ्या नळ्या पाहणे हा तर पती-पत्नींचा आवडता विरंगुळा होता.

डिसेंबर १९०३ मध्ये बेकेरेल यांच्यासह दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रकृती आणि अध्यापन यांमुळे दोघेही स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ते गेले थेट १९०५ च्या जूनमध्ये. त्याआधी ६ डिसेंबर १९०४ रोजी धाकटी ईव्ह जन्मली होती. या वेळी मेरींनी काही महिने सेव्हरच्या नोकरीतून रजा घेतली. त्यांच्या आयुष्यातला हा थोडा निवांत काळ म्हणता येईल. पण तो टिकला नाही.

पिअर यांच्या मृत्यूनंतर घर कसे उभे राहिले?

१९ एप्रिल १९०६ रोजी पावसात रस्ता ओलांडताना पिअर मालवाहू घोडागाडीखाली आले आणि जागीच गेले. आयरीन आठ वर्षांची होती, ईव्ह सोळा महिन्यांची. सरकारने विधवा आणि मुलींसाठी निवृत्तिवेतन देऊ केले. मेरींनी ते नाकारले. आपण धडधाकट आहोत, कमावून मुलींना वाढवू शकतो, असे त्यांनी कळवले. विद्यापीठाने मग पिअर यांचे अध्यापन त्यांच्याकडे सोपवले. ५ नोव्हेंबर १९०६ रोजी गच्च भरलेल्या वर्गात लोक भावनिक भाषणाची वाट पाहत होते. मेरींनी कुठलीही प्रस्तावना न करता, पिअर यांनी जिथे विषय सोडला होता तिथून तो पुढे सुरू केला. सॉर्बोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

घरातला प्रश्न अधिक नाजूक होता. मुलगा गेल्यावर सुनेकडे राहण्याचे सासऱ्यांना काही बंधन नव्हते. दुसरा मुलगा जाक होता. मेरींनी सासऱ्यांना स्पष्ट विचारले, निर्णय त्यांच्यावर सोडला आणि आपली इच्छा कोणती तेही सांगितले. ते राहिले. सून आणि सासरे यांनी मिळून १९०७ मध्ये सो या उपनगरात घर घेतले. पिअर यांची कबर त्याच गावात होती. मेरींचा रोजचा प्रवास वाढला, पण मुलींना बाग मिळाली.

त्या घरात पिअर हे नाव उच्चारले जात नसे. मेरी आपल्या दुःखाची रोजनिशी लिहीत होत्या, मृत पतीला उद्देशून, पण मुलींसमोर त्या त्यांच्याविषयी बोलू शकत नव्हत्या. ईव्हला तर वडील आठवतच नव्हते. घरात हसू आणायचे ते पुन्हा आजोबांनीच. दुःखी आईजवळ दोन लहान मुलींना सुदृढ बालपण मिळाले याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. १९०९ मध्ये ते फुप्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि वर्षभर तसेच होते. कामातून उरलेला वेळ मेरी त्यांच्या उशाशी घालवत. २५ फेब्रुवारी १९१० रोजी ते गेले. दफनाच्या वेळी मेरींनी पिअर यांची शवपेटी बाहेर काढून आधी वडिलांची पेटी खाली ठेवायला लावली, वर पिअर, आणि त्याच्याही वर स्वतःसाठी जागा राखली.

आजोबांनंतर मुलींची जबाबदारी पोलिश शिक्षिकांकडे आली. पहिली होती मेरींच्या भावाच्या नात्यातली. तिची तब्येत बिघडली आणि ती मायदेशी परतली. नंतरच्या बायांचा तितका भरवसा नव्हता. पण मुलींना आईची भाषा यावी, हा मेरींचा हट्ट या व्यवस्थेमुळे पुरा झाला.

शाळेवर विश्वास नसलेल्या आईने काय केले?

लहान मुलांना दिवसभर कोंदट वर्गात डांबून ठेवण्यापेक्षा बुडवून टाकलेले बरे, इथपर्यंत मेरींचे मत गेले होते. त्यातून एक वेगळाच प्रयोग जन्मला. सॉर्बोनच्या काही प्राध्यापकांनी एकत्र येऊन आपल्या दहाएक मुलांसाठी सहकारी पद्धतीची शाळा सुरू केली. पालकच शिक्षक. रोज एकच धडा, एकाच विषयाचा, आणि बाकी वेळ खेळायला, हाताने काम करायला मोकळा. ज्यां पेरां रसायनशास्त्र शिकवत, पॉल लांजव्हँ गणित, एक शिल्पकार मातीकाम, प्राध्यापकांच्या पत्नी साहित्य आणि इतिहास. भौतिकशास्त्र मेरींकडे होते.

त्यांचा वर्ग गमतीचा असे. सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या शाईत बुडवून तिरक्या फळीवर सोडायच्या. गोळी जी वक्र रेघ उमटवत जाई तो परवलय. म्हणजे फेकलेली वस्तू कशी पडते हे मुलांनी कागदावर पाहिले. एकदा त्यांनी विचारले की भांड्यातले उकळते पाणी गरम राखायला काय कराल. मुलांनी लोकरीत गुंडाळण्यापासून नाना शास्त्रीय युक्त्या सांगितल्या. बाईंनी शांतपणे सांगितले की त्या आधी झाकण ठेवतील. या धड्यांची एका मुलीने ठेवलेली टिपणे जवळपास शतकभराने पुस्तकरूपात आली.

पालकांवर कामाचा ताण वाढल्याने हा प्रयोग दोनेक वर्षांत थांबला. पण यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. मेरींनी मुलींसाठी वेळ काढला तो एकटीने नव्हे. समविचारी कुटुंबांनी एकमेकांची मुले वाटून घेतली होती. उन्हाळ्यात हीच मंडळी ब्रिटनी किनाऱ्यावरच्या लार्कुएस्ट गावी जमत. तिथे प्रोफेसर, मुले, नावाडी एकत्र पोहत, होड्या वल्हवत. आपले पोहणे चांगले आहे याचा मेरींना नोबेलपेक्षा अधिक उघड अभिमान होता. घराच्या बागेत झोके, कड्या, दोरखंड बांधले होते आणि मुलींना रोज व्यायाम सक्तीचा होता. आयरीन आणि ईव्ह यांना अंधाराची, वादळाची, भुताखेतांची भीती वाटू नये याकडेही आईचे लक्ष असे. मुलींच्या शरीराची एवढी काळजी घेणारी ही बाई स्वतःच्या बोटांच्या भेगांकडे पाहत नव्हती.

१९११ मध्ये नेमके काय घडले?

वर्षाच्या सुरुवातीला फ्रेंच विज्ञान अकादमीत त्यांचा निसटता पराभव झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या आणि पॉल लांजव्हँ यांच्या संबंधांची बातमी छापली. लांजव्हँ विवाहित होते, चार मुलांचे वडील, पत्नीशी त्यांचे पटत नव्हते. मेरी पाच वर्षांपासून विधवा होत्या. तरीही सारी आग मेरींवरच पाखडली गेली : परदेशी बाई, फ्रेंच घर मोडणारी. त्याच आठवड्यात रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकटीला जाहीर झाले. त्याची बातमी मात्र कोपऱ्यात गेली.

सोच्या घरासमोर जमाव जमला, दगड आले. मेरी ईव्हला घेऊन बाहेर पडल्या आणि गणितज्ञ एमिल बोरेल यांच्या घरी आश्रयाला गेल्या. चौदा वर्षांच्या आयरीनच्या नजरेला आईविषयीचे ते वर्तमानपत्र पडलेच. स्वीडनहून निरोप आला की प्रकरण मिटेपर्यंत पुरस्कार घ्यायला न आलेले बरे. मेरींनी उलट कळवले की पुरस्कार पोलोनियम आणि रेडियमच्या शोधासाठी आहे, खासगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही. डिसेंबरमध्ये त्या ब्रोन्या आणि आयरीनला सोबत घेऊन स्टॉकहोमला गेल्या. चोवीस वर्षांनी आयरीन त्याच शहरात स्वतःचे नोबेल घ्यायला उभी राहणार होती.

परत आल्यावर काही दिवसांतच त्या कोसळल्या. मूत्रपिंडाचा विकार बळावला होता, मनही मोडले होते. १९१२ च्या वसंतात शस्त्रक्रिया झाली. क्युरी हे नाव बदनाम होऊ नये म्हणून त्या माहेरच्या नावाने राहू लागल्या. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ मैत्रीण हर्था आयर्टन यांनी त्यांना आणि मुलींना आपल्याकडे ठेवून घेतले. प्रयोगशाळेच्या कामात वर्षभराहून अधिक खंड पडला. इतका दीर्घ खंड ना बाळंतपणाने पडला होता, ना वैधव्याने.

युद्धात आईने मुलीला सोबत का नेले?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुली लार्कुएस्टला होत्या, आई पॅरिसमध्ये. पत्रातून आयरीनला गणिताची उदाहरणे जात आणि सोडवून परत येत. एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीतून बोर्दोला सुरक्षित पोहोचवल्यावर मेरींनी आघाडीवरच्या जखमींसाठी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या मोटारी उभ्या केल्या. अशा २० गाड्या आणि सुमारे २०० स्थायी केंद्रे त्यांनी तयार केली. मोटार चालवायला शिकल्या, १९१६ मध्ये परवाना काढला.

सतरा वर्षांची आयरीन सहायक झाली. अठराव्या वर्षी ती बेल्जियममधल्या इस्पितळात एकटीने क्ष-किरण केंद्र चालवत होती. शल्यविशारदांना गोळी कुठे रुतली आहे हे सांगत होती आणि त्याच काळात सॉर्बोनच्या परीक्षाही देत होती. मायलेकींचे नाते इथे सहकाऱ्यांचे झाले. पुढे मेरींनी स्थापलेल्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्येही तेच टिकले. पण किरणांपासून बचावाची साधने अपुरी होती. आयरीन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली.

आणि ईव्ह? ती दहा वर्षांची, पॅरिसमध्ये मागे राहिलेली. तिला विज्ञानात रस नव्हता, पियानोत होता. मेरींनी तिच्यासाठी ग्रँड पियानो घेतला, पण जेवणाच्या टेबलावर आई आणि बहीण समीकरणांत बोलत तेव्हा ती परकीच असे. आईने मदतीचा प्रयत्न केला तरी आपले तरुणपणाचे दिवस आनंदाचे नव्हते, असे ईव्हने पुढे प्रांजळपणे सांगितले. मेरींवर लिहिताना हा भाग बहुतेकदा गाळला जातो. तो गाळू नये. आईच्या कामात ज्या मुलीला रस होता तिला आई भरपूर मिळाली, जिला नव्हता तिला कमी.

अखेरच्या वर्षांत सेवा कोणी केली?

त्याच ईव्हने. १९२१ च्या मे महिन्यात अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून घेतलेले एक ग्रॅम रेडियम स्वीकारायला मेरी दोन्ही मुलींसह अमेरिकेला गेल्या. हस्तांदोलनांनीच त्यांचा हात दुखावला, तो झोळीत अडकवावा लागला. काही समारंभांना त्यांच्या जागी मुली गेल्या. त्याच सुमारास डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मेरींनी ते प्रयोगशाळेतल्या लोकांपासून लपवले. टिपणे मोठ्या अक्षरांत लिहिली, उपकरणांच्या मापकांवर रंगीत खुणा केल्या. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी त्या इस्पितळात मादाम कारे या खोट्या नावाने दाखल झाल्या. गुपित फक्त मुलींना माहीत होते.

इन्स्टिट्यूटमधल्या कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे, मोकळ्या हवेत फिरावे, किरणोत्सारी पदार्थ चिमट्याने उचलावेत, असा नियम संचालक म्हणून त्यांनीच घातला होता. स्वतः मात्र तो फारसा पाळला नाही. कामातले सहकारी एकामागून एक आजारी पडत होते, तरीही रेडियमला पूर्ण दोष द्यायला त्या कचरत होत्या. आयुष्यभराच्या कामाकडे संशयाने पाहणे सोपे नसते, हे समजू शकते. पण मुलीच्या एकेका दाताची नोंद ठेवणाऱ्या बाईने स्वतःच्या तापाची नोंद ठेवली ती अगदी शेवटी.

१९२६ मध्ये आयरीनने फ्रेडरिक जोलिओ यांच्याशी लग्न केले. १९२७ मध्ये एलेन आणि १९३२ मध्ये पिअर अशी दोन नातवंडे आली. आता आजीच्या घरी आठवड्याला जेवणे होऊ लागली. १९३४ च्या जानेवारीत मुलगी आणि जावई यांनी कृत्रिम किरणोत्सार निर्माण केल्याचे मेरींनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांना १९३५ मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले, तेव्हा मेरी नव्हत्या.

मे १९३४ मध्ये ताप आहे म्हणून त्या दुपारी प्रयोगशाळेतून घरी गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. डॉक्टरांना आधी क्षयाची शंका आली. आईचाच आजार. आल्प्समधल्या सांसेल्मोझ आरोग्यधामात नेल्यावर निदान झाले : अस्थिमज्जेने रक्तपेशी तयार करणे थांबवले होते. ईव्ह रात्रंदिवस जवळ होती. ४ जुलै १९३४ च्या पहाटे मेरी क्युरी गेल्या, वयाच्या ६६व्या वर्षी. सो येथील कबरीत सासरे आणि पिअर यांच्या वर राखलेल्या जागेत त्यांना ठेवण्यात आले. ब्रोन्या आणि भाऊ यांनी पोलंडहून आणलेली मूठभर माती शवपेटीवर टाकली. १९९५ मध्ये पिअर आणि मेरी यांचे अवशेष तिथून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवण्यात आले. डॉ. युजीन क्युरी सोच्या कबरीतच राहिले.

ईव्हने १९३७ मध्ये आईचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ते जगभर गाजले. विज्ञानात न रमलेल्या या मुलीला १०२ वर्षांचे आयुष्य लाभले. मुरंब्याच्या नोंदी, बागेकडे धावत जाणारी आई आणि झोप लागेपर्यंत तिला न सोडणारी आयरीन, हे सारे आज ठाऊक आहे ते बरेचसे तिच्या त्या पुस्तकामुळे.